रूळ वर्ध्याचे, प्रवास कोणाचा?

२०२५ हे साल वर्धा जिल्ह्याच्या दळणवळणाच्या इतिहासात विशेष म्हणून नोंदले जाईल, ह्यात शंका नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा ते बल्लारशाह ह्या १३५ किलोमीटर अंतराच्या चौथ्या लोहमार्गास मंजुरी दिली. आणि पुढे ऑक्टोबरात वर्धा ते भुसावळ ह्या ३१४ किलोमीटर अंतराचा तिसरा व चौथा मार्गही मंजूर झाला. नागपूरच्या बाजूस तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम त्यापूर्वीच हाती घेण्यात आलेले होते. म्हणजे वर्ध्यास येऊन मिळणाऱ्या तिन्ही प्रमुख दिशांच्या रेल्वेमार्गांची क्षमता मोठ्या प्रमाणावर वाढावयाची आहे. देशाच्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वाहतुकीच्या जवळजवळ मध्यबिंदूवर वसलेल्या आमच्या जिल्ह्यास हा मान मिळणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

परंतु स्वागताचे हार सुकण्यापूर्वीच एक प्रश्न विचारणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते. ह्या नव्या रुळांवरून कोळसा जाईल, सिमेंट जाईल, पोलाद आणि धान्य जाईल. दिल्लीचा प्रवासी चेन्नईस आणि मुंबईचा प्रवासी कोलकात्यास अधिक वेगाने पोहोचेल. हे सर्व व्हावयास हवे. पण आर्वीचा विद्यार्थी वर्ध्याच्या महाविद्यालयात, पुलगावचा रुग्ण सेवाग्रामच्या रुग्णालयात आणि हिंगणघाटचा कामगार आपल्या कामाच्या जागी वेळेवर, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा भाड्यात पोहोचणार आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मंजुरीच्या कोणत्याही निवेदनात आम्हांस आढळले नाही. ज्याच्या दारावरून गंगा वाहते त्यानेच तहानेले राहावे, अशी ही स्थिती आहे.

ही स्थिती आजची नव्हे. वर्धा शहर हे खरोखर रेल्वेचे अपत्य आहे. १८६२ साली नागपूरपासून विलग होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. १८६६ साली पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी आखीव-रेखीव असे नवे शहर वसविण्यात आले. आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोहोचली. तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धाने विलायतेच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासविल्याचा होता, आणि हिंगणघाटचा कापूस दूरवर नावाजलेला होता. पुढे वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोड्याच्या दिशेने फाटा निघाला, तोही कापूस आणि कोळसा ह्यांच्याच ओढीने. ह्या मुलखातून काय बाहेर नेता येईल, हे पाहून रूळ टाकले गेले. ह्या मुलखातील माणूस मुलखातल्या मुलखात कसा फिरेल, हा विचार त्या आखणीत दुय्यम होता. परकीय सत्तेकडून दुसरी अपेक्षा करणेही व्यर्थ होते. पण स्वराज्यातही आखणीची तीच दृष्टी कायम राहावी, हे मात्र आम्हांस मान्य करता येत नाही.

तरीही त्या परकीय अमदानीत ह्या जिल्ह्यास स्थानिक म्हणता येईल अशी एक रेल्वे मिळाली होती, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. १९१७ साली पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटर लांबीची अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ह्या खासगी कंपनीचा हा मार्ग. ज्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरील गाडीस वऱ्हाडातील लोकांनी 'शकुंतला' हे लाडके नाव दिले, तो मार्गही ह्याच कंपनीचा. अडीच फूट रुंदीचे रूळ, हलकी इंजिने, दोन-चार डबे आणि साधीसुधी स्थानके, असा तिचा थाट. आज युरोपात आणि आपल्या महानगरांत 'लाइट रेल' ह्या नावाने ज्या कल्पनेची चर्चा चालते, तिचे हे आपल्याकडील जुने, ग्रामीण रूप म्हणावयास हरकत नाही. इतकेच नव्हे, तर १८९७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या रेल्वेचे नावच मुळी 'बार्शी लाइट रेल्वे' असे होते. तेव्हा हलकी रेल्वे ही काही परदेशातून आणावयाची नवलाई नव्हे. ती महाराष्ट्राच्या मातीत रुजलेली, आणि काही ठिकाणी आपल्याच हाताने मरू दिलेली वस्तू आहे.

आर्वीची गाडी का बंद पडली? प्रवासी मिळेनासे झाले म्हणून, असे उत्तर नेहमी देण्यात येते. पण ह्या उत्तरात कार्य आणि कारण ह्यांची अदलाबदल झालेली आहे. देशातील बहुतेक अरुंद मार्गांची कहाणी सारखीच आहे. रुळांची देखभाल कमी झाली म्हणून वेग घटला. वेग घटला म्हणून घाईचा प्रवासी मोटारगाडीकडे वळला. प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी झाल्या. आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून उरलासुरला प्रवासीही गेला. आर्वीच्या गाडीत आणखी एक अंगभूत दोष होता. तिचे रूळ अरुंद आणि मुख्य मार्गाचे रुंद. त्यामुळे कापसाची गाठ असो की माणूस असो, पुलगावास उतरून दुसऱ्या गाडीत चढल्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्या सोयीत मध्येच उतरावे लागते, ती सोय दुसरी वाट मिळताच लोक सोडून देतात. म्हणजे आर्वीकरांनी रेल्वे नाकारली असे नसून, रेल्वेने आर्वीकरांस सोडले असे म्हणणे अधिक सत्याला धरून होईल. मार्ग रुंद करावा ही मागणी तेव्हापासून होत आली आहे आणि आश्वासनेही मिळत आली आहेत; उणीव आहे ती गाडीची.

ह्याच्या उलट बार्शीकडे पाहावे. बार्शीचा अरुंद मार्गही तोट्याचा, जुना आणि संथ होता. पण तो उखडून टाकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झालेले हे काम २०१० च्या सुमारास मिरजेपर्यंत पुरे झाले, आणि लातूर, धाराशिव, बार्शी, पंढरपूर ही गावे देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्याशी जोडली गेली. पुढे काय घडले? २०१६ च्या एप्रिलात लातुरास पिण्याच्या पाण्याचा असा दुष्काळ पडला की नळ कोरडे पडले आणि पाण्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे हुकूम काढावे लागले. त्या वेळी मिरजेहून पाण्याने भरलेली गाडी लातुरास गेली ती ह्याच, एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेने. रुंदीकरणाचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने आपल्या तक्त्यात ह्या लाभाचा रकाना घातला नसेल. लोहमार्ग राखला तर तो अशा प्रसंगी उपयोगी पडतो की ज्याची कल्पना तो राखणाऱ्यांसही नसते. आणि एकदा त्याची जमीन हातची गेली की ती परत मिळविणे दुरापास्त होते. पुलगाव–आर्वी मार्गाबाबत आमची पहिली काळजी हीच आहे.

पैसा नाही, असे कोणी म्हणेल. पण ह्या जिल्ह्यात दळणवळणासाठी पैसा खर्च झाला नाही असे मुळीच नाही. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा. त्यावर सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा मार्ग सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जातो, आणि ज्या विरूळ गावास एके काळी आर्वीच्या गाडीचे स्थानक होते, तेथे आज ह्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची वाट आहे. पण दुचाकी आणि तीनचाकी वाहनांस तेथे मज्जाव आहे. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याच्यासाठी मुंबई जवळ आली. ज्याच्याजवळ ती नाही, त्याच्यासाठी आर्वी होती तेथेच राहिली. आता पवनारहून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखण्यात आला, आणि २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन व प्रारंभिक कामांसाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेस मान्यता दिली. ज्या पवनारास विनोबांनी जमीन मागण्याचे नव्हे, तर देण्याचे शास्त्र शिकविले, तेथूनच हा जमीन घेणारा रस्ता निघावा, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

रस्ते नकोत असे आमचे म्हणणे नाही. पण सर्व भार रस्त्यांवरच टाकण्याची किंमत काय असते, हे आम्ही जाणतो. १ जुलै २०२३ रोजी पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणांस मुकले. त्यांत वर्ध्याची तरुण मुलेमुलीही होती. नोकरी आणि शिक्षण ह्यांसाठी पुण्याकडे निघालेल्या त्या जिवांची आठवण ह्या शहरातील अनेक घरांत अद्याप ताजी आहे. रात्रीच्या प्रवासासाठी रेल्वेत जागा मिळत नाही आणि सकाळच्या प्रवासासाठी जवळची गाडीच नाही, तेथे माणसे जे वाहन मिळेल त्यात बसतात. वाहतुकीची निवड हा म्हणूनच केवळ सोयीचा नव्हे, जीविताचा प्रश्न आहे.

आता शहराकडे वळू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे वर्धा नगरपालिकेच्या हद्दीत १ लक्ष ६ हजार ४४४ लोक राहत होते. पण वर्धा म्हणजे केवळ नगरपालिका नव्हे. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, म्हसाळा ह्या ग्रामपंचायती आज नावापुरत्याच वेगळ्या आहेत. घरास घर लागून त्या शहरातच मिळाल्या आहेत. एका बाजूस सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ पासूनचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, दुसऱ्या बाजूस सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, तिसरीकडे हिंदी विश्वविद्यालय. एवढ्या लहान शहराभोवती एवढी मोठी शिक्षणाची आणि आरोग्याची केंद्रे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडतील. तेथे येणारा माणूस केवळ वर्ध्याचा नसतो. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही लोक येतात. परंतु वर्ध्याच्या स्थानकावर उतरलेल्या अशा माणसास पुढील पाच-आठ किलोमीटरच्या वाटचालीसाठी ऑटोरिक्षावाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. शहराची स्वतःची अशी नियमित, ठराविक वेळापत्रकाची बससेवा नाही. नगरपालिका म्हणते हद्द आमची नाही, ग्रामपंचायत म्हणते ऐपत आमची नाही, आणि एस. टी. म्हणते शहर-वाहतूक हे आमचे मुख्य काम नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. म्हणूनच प्रश्न सुटत नाही.

केंद्राच्या योजनांतही आमच्यासारखी शहरे दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत सापडली आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या 'पीएम ई-बस सेवा' योजनेत देशभर दहा हजार विजेच्या बसगाड्या देण्याचे ठरले. पण मुख्य अट तीन लक्ष लोकसंख्येची. त्यापेक्षा लहान शहरातील माणसास जणू कोठे जावेच लागत नाही! त्याच वेळी नागपुरात मेट्रोचा सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा नऊ हजार कोटींच्या आसपास खर्चून २०२२ साली पुरा झाला. किलोमीटरमागे दोनशे कोटींहून अधिक पडणारी ही वस्तू वर्ध्यास परवडणारी नाही, आणि तिची वर्ध्यास आवश्यकताही नाही. मेट्रोपेक्षा स्वस्त म्हणून केंद्राने २०१९ पासून 'मेट्रोलाइट' आणि पुढे 'मेट्रो निओ' ह्या कल्पना मांडल्या. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी केंद्राच्या वाट्याचे २,०९२ कोटी रुपयेही घोषित झाले. पण अर्थसंकल्पातील आकड्यावरून आजवर कोणीही प्रवासी कोठेही गेलेला नाही. आमच्या शहराने अशा नावांच्या मोहात पडू नये. वर्ध्यास हवी ती आकाशातील गाडी नव्हे. जमिनीवर आज जे रूळ आहेत, त्यांवर धावणारी हलकी, वेळेवर येणारी आणि गावोगाव थांबणारी गाडी हवी.

ही कल्पना अव्यवहार्य आहे काय? जर्मनीतील कार्ल्सरूह ह्या शहराचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे आसपासच्या गावांतून येणारी रेल्वेगाडी मुख्य स्थानकावर थांबे, आणि ते स्थानक पडले शहराच्या मध्यापासून दूर. म्हणून प्रवाशास उतरून ट्राम धरावी लागे. १९९२ साली तेथील लोकांनी एक साधी युक्ती केली. शहरातील ट्राम आणि रेल्वे ह्या दोहोंच्या विजेवर चालू शकेल अशी गाडी तयार करून त्यांनी तीच ट्राम रेल्वेच्या मुख्य रुळांवरून ब्रेटेन ह्या गावापर्यंत नेली. मध्ये नवी स्थानके काढली, फेऱ्या वाढविल्या, आणि उतरण्या-चढण्याचा त्रास नाहीसा केला. अल्पावधीत त्या मार्गावरील प्रवासी कित्येक पटींनी वाढले. फ्रान्समधील नान्त शहराने १९५८ साली बंद केलेली ट्राम १९८५ साली नव्याने सुरू केली, आणि तिच्या मागोमाग त्या देशातील अनेक मध्यम शहरांनी तीच वाट धरली. आपण मात्र १९६४ साली मुंबईची ट्राम मोडीत काढली, आणि साठ वर्षांनी तिच्याच रस्त्यांखाली व रस्त्यांवर हजारो कोटींची मेट्रो बांधीत आहो. कार्ल्सरूहच्या ट्रामची नक्कल वर्ध्याने करावी असे आम्ही सुचवीत नाही. पण जुने रूळ, नव्या फेऱ्या आणि मध्ये न उतरता पुरा होणारा प्रवास, हा तिचा धडा आम्हांस लागू पडतो.

असाच विचार आपल्याकडेही झालेला आहे. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडारा ह्या चार दिशांना रेल्वेच्याच रुळांवरून जलद व आरामशीर गाड्या चालविण्याची 'ब्रॉडगेज मेट्रो' योजना पुढे आली, आणि २०१८ साली रेल्वे, राज्य शासन व महामेट्रो ह्यांच्यात तसा करारही झाला. करारामागून वर्षे लोटली, पण योजना घोषणेच्या स्थानकावरच थांबून राहिली. दोनच मार्गांवरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या खच्चून धावत असताना स्थानिक गाडीस जागा कोठून द्यावयाची, ही रेल्वेची अडचण तेव्हा खोटी नव्हती. परंतु तिसरा आणि चौथा मार्ग झाल्यावर ही सबब उरणार नाही. म्हणून जे मागावयाचे ते आताच, मार्ग बांधला जात असतानाच मागावयास पाहिजे. मालगाड्यांनी सर्व वेळापत्रक व्यापल्यावर मागणे म्हणजे वरातीमागून घोडे नेणे होय.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, नव्या मार्गांवर स्थानिक गाड्यांचा वाटा लेखी स्वरूपात राखून ठेवावा. पुलगाव–वर्धा–सेवाग्राम–सिंदी–नागपूर आणि हिंगणघाट–सेवाग्राम–वर्धा ह्या दोन मार्गांवर सकाळ-संध्याकाळ ठराविक अंतराने, महाविद्यालयांच्या, कचेऱ्यांच्या आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा पाहून गाड्या असाव्यात. आणि त्यांचे भाडे साध्या गाडीचे असावे. २०२० साली करोनाच्या साथीत पॅसेंजर गाड्या थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा दहा रुपयांच्या ठिकाणी किमान भाडे तीस रुपये झाले. ते पूर्ववत होण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. रोज ये-जा करणाऱ्या मजुरास हा फरक म्हणजे अर्ध्या दिवसाच्या भाजीपाल्याचा प्रश्न असतो, हे वातानुकूलित कचेरीत सहजी लक्षात येत नाही.

दुसरी मागणी पुलगाव–आर्वी मार्गाची. त्या मार्गाची सर्व जमीन मोजून, अतिक्रमणे रोखून ती रेल्वेसाठीच राखावी, आणि तेथे रुंद मार्ग टाकून आर्वीहून निघालेली गाडी पुलगावास न बदलता थेट वर्धा, सेवाग्राम आणि नागपुरास जाईल अशी व्यवस्था करावी. वर्धा–यवतमाळ–नांदेड ह्या २८४ किलोमीटरच्या मार्गाने ह्या बाबतीत आम्हांस धडा दिला आहे. २००८ च्या सुमारास मंजूर झालेल्या त्या मार्गावर देवळी, भिडी ह्या गावांवरून वर्धा ते कळंब ही पहिली गाडी धावली ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी. चाळीस किलोमीटरांहूनही कमी अंतरास पंधरा वर्षे! मंजुरी म्हणजे गाडी नव्हे, हे आर्वीकरांनी लक्षात ठेवून आजपासूनच तगादा लावावा.

तिसरी मागणी शहराची. वर्धा नगरपालिका आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून वाहतुकीपुरते तरी एक मंडळ नेमावे, आणि स्थानक–बजाज चौक–आर्वी नाका–सावंगी आणि स्थानक–सेवाग्राम–पवनार अशा मार्गांवर विजेच्या लहान बसगाड्या, रेल्वेच्या वेळांशी जुळवून, चालवाव्यात. गाडी आली आणि बस निघून गेलेली, ही आपल्याकडील नेहमीची शोकांतिका टाळता आली, तरी निम्मे काम झाले असे समजावे. आणि ह्या रस्त्यांच्या कडेला पायी चालणाऱ्यास व सायकलवाल्यास निर्धास्त चालता येईल एवढी पट्टी सोडावी. हे शहर अद्याप सायकलीने ओलांडता येते. ते तसे राहावे.

ह्यांस पैसा कोठून आणावा? ५५ हजार कोटींस ७०१ किलोमीटर ह्या हिशेबाने समृद्धी महामार्गाच्या सरासरी ३५ किलोमीटरांस सुमारे पावणेतीन हजार कोटी रुपये पडले. आर्वीची रेल्वेही ३५ किलोमीटरांचीच. दोहोंचे स्वरूप वेगळे आहे हे आम्ही जाणतो. तथापि एका कामास पैसा सापडतो आणि दुसऱ्यास सापडत नाही, ह्यातील रहस्य तिजोरीत नसून इच्छेत आहे, एवढे ह्या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. फ्रान्सने १९७१ पासून प्रथम पॅरिसमध्ये आणि नंतर इतर शहरांत मालकवर्गाकडून वेतनखर्चाच्या प्रमाणात एक लहानसा वाहतूक-कर घेण्यास सुरुवात केली. कामगार वेळेवर यावा ह्यात मालकाचेही हित आहे, हे त्यामागील तत्त्व. आमच्याकडील मोठ्या संस्था, रुग्णालये आणि कारखाने ह्यांनी आपापल्या बसगाड्यांवर होणारा खर्च एकत्र केला, तरी शहराच्या सेवेचा पाया घालता येईल. तोट्याचा मुद्दा काढणाऱ्यांस आम्ही विचारू की, गावच्या रस्त्याने, पाणपोईने वा प्राथमिक शाळेने कधी नफा दाखविला आहे काय? आणि भाडे आवाक्यात आले की माणसे प्रवास करतात, ह्याचा पुरावा ताजा आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. ने स्त्रियांस अर्ध्या तिकिटाची सवलत देताच गावोगावच्या बसगाड्या स्त्रियांनी भरून वाहू लागल्या. त्या स्त्रिया आदल्या दिवशी हौसेने घरी बसल्या नव्हत्या.

ह्या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे, आणि तिचा उगम ह्याच मातीतला आहे. आज जगभर 'शाश्वत विकास' हा शब्द रूढ झाला आहे. तो प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी, मगनवाडीत बसून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली, जबलपूरच्या तुरुंगात, 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ लिहिला. भूगर्भातील कोळसा आणि तेल ह्यांसारखे साठे एकदा संपले की संपले, त्यांवर उभारलेली अर्थव्यवस्था टिकाऊ नव्हे आणि त्या साठ्यांसाठी राष्ट्रे एकमेकांच्या उरावर बसतात. उलट निसर्गाच्या अखंड प्रवाहावर आधारलेली व्यवस्थाच चिरस्थायी होय, असा त्यांचा सिद्धान्त. ह्या कसोटीवर परदेशी तेल जाळणारी मोटार आणि वर्ध्याच्या उन्हापासून तयार होणाऱ्या विजेवरही चालू शकणारी रेल्वे ह्यांत कोणती उतरते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण थोडे, म्हणून तेवढ्याच ओझ्यास शक्ती कमी लागते. हा निसर्गाचा नियम आहे, पक्षाचा जाहीरनामा नव्हे.

गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्या'त रेल्वेवर टीका केली होती, ह्याचे स्मरण आम्हांस कोणी देईल. ते खरे आहे. पण तेच गांधीजी आयुष्यभर तिसऱ्या वर्गाने फिरले. आणि १९१७ साली, म्हणजे आर्वीची गाडी सुरू झाली त्याच वर्षी, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची दुर्दशा त्यांनी एका पुस्तिकेतून जगापुढे मांडली. वरच्या वर्गाचे भाडे पाचपट असले, तरी खालच्या वर्गास त्याच्या एकपंचमांश सोयही मिळत नाही, हा त्यांचा हिशेब होता. रेल्वे कोणाच्या सोयीसाठी चालते, हा त्यांचा मूळ सवाल आजही तेवढाच जिवंत आहे. आणि ज्या स्थानकाचे 'वर्धा पूर्व' हे नाव बदलून 'सेवाग्राम' ठेवण्यात आले, त्या स्थानकावर तरी तो विसरला जाऊ नये.

ह्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली तेरा लाखांवर होती. तिच्या प्रतिनिधींनी संसदेत आणि विधिमंडळात एवढेच विचारावे की, वर्ध्यावरून जाणाऱ्या नव्या मार्गांवर वर्धेकरांसाठी दिवसाकाठी किती गाड्या, कोणत्या वेळी आणि किती भाड्याने धावणार आहेत, आणि आर्वीच्या मार्गाची जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता येतात. तेव्हा ती आकड्यांतच मागावीत, आणि नवे रूळ अंथरून पुरे होण्यापूर्वी ती जनतेपुढे ठेवावीत.